गुरुत्व, काळ आणि ऊर्जा : अंतराळप्रवासाच्या चाकोरीबाहेरच्या सिद्धान्तांचा हिशेब

अपूर्णांक

व्हॉयेजर-१ हे यान १९७७ साली निघाले आणि आज ते सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर त्या दिशेने चाललेले नाही. पण चालले असते तरी तिथवर पोचायला त्याला सुमारे ७५,००० वर्षे लागली असती. इंजिने सुधारून हा प्रश्न सुटत नाही, कारण अडचण अग्निबाणाच्या मूळ समीकरणातच आहे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. अशा इंजिनाने प्रकाशाच्या एक दशांश वेग गाठायचा म्हटले, तर सुरुवातीचे आणि शेवटचे वस्तुमान यांचे गुणोत्तर एकावर सुमारे २,९०० शून्ये इतके येते. दृश्य विश्वातील अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानली जाते, यावरून काय ते समजावे.

त्यामुळे गुरुत्वाला बगल देता येईल का, काळाशी काही करता येईल का, निर्वातातून ऊर्जा काढता येईल का, असे प्रश्न लोक वारंवार विचारतात आणि ते विचारण्यात गैर काहीच नाही. नासाने १९९६ ते २००२ या काळात मार्क मिलिस यांच्या नेतृत्वाखाली याच प्रश्नांसाठी एक छोटा प्रकल्प चालवला होता. मागे काहीही न फेकता यान ढकलता येईल का, निसर्गाने घातलेली वेगमर्यादा ओलांडता येईल का, आणि हे करण्याजोगा ऊर्जेचा स्रोत कोणता, हे त्याचे तीन विषय होते.

माझे म्हणणे असे की यांपैकी काळाची अडचण आपण समजतो तेवढी मोठी नाही. ऊर्जेची आणि संवेगाची अडचण मात्र समजतो त्याहून कितीतरी मोठी आहे, आणि चाकोरीबाहेरचे बहुतेक सिद्धान्त नेमकी तीच बाजू दाखवायचे टाळतात.

काळाचे आधी पाहू. पृथ्वीवर आपल्याला जेवढे वजन जाणवते तेवढेच जाणवेल अशा त्वरणाने एखादे यान निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवत गेले आणि उरलेल्या वाटेत तसाच वेग कमी करत गेले, तर ४.३७ प्रकाशवर्षांवरच्या अल्फा सेंटॉरीपर्यंतचा प्रवास प्रवाशांच्या घड्याळाने साधारण ३.६ वर्षांत संपतो. पृथ्वीवर तेवढ्यात सहा वर्षे जातात. याच पद्धतीने आकाशगंगेच्या केंद्रापर्यंत, म्हणजे सुमारे २६,००० प्रकाशवर्षे, प्रवाशांच्या घड्याळाने वीस वर्षांत जाता येते. यात चाकोरीबाहेरचे काहीच नाही, हा शुद्ध विशेष सापेक्षता सिद्धान्त आहे. वेगामुळे आणि गुरुत्वामुळे घड्याळांत पडणारा फरक हाफेल आणि कीटिंग यांनी १९७१ साली प्रवासी विमानांतून आण्विक घड्याळे फिरवून मोजला आहे, आणि जीपीएसच्या उपग्रहांना तर दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती रोजच करावी लागते. माणसाच्या आयुष्यात ताऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी काळाचा नवा सिद्धान्त शोधण्याची गरजच नाही. मागे राहिलेल्यांना पुन्हा भेटण्याचा आग्रह धरला तरच ती उत्पन्न होते.

आता खर्चाची बाजू. अल्फा सेंटॉरीच्या त्या प्रवासात मधल्या टप्प्यावर यानाचा वेग प्रकाशाच्या ९५ टक्के होतो. त्या वेळी यानाच्या प्रत्येक किलोग्रॅमची गतिज ऊर्जा सुमारे २ × १०^१७ ज्यूल असते. १९६१ साली सोव्हिएत संघाने चाचणी केलेल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या अणुबॉम्बची ऊर्जा साधारण एवढीच होती. म्हणजे एका किलोमागे एक असा बॉम्ब, आणि तोही फक्त वेग वाढवण्यासाठी. थांबण्याचा खर्च वेगळा. द्रव्य आणि प्रतिद्रव्य (साध्या द्रव्याशी गाठ पडताच दोन्ही नष्ट होऊन ज्यातून ऊर्जा निघते ते) जाळून निव्वळ प्रकाश मागे सोडणारा, यत्किंचितही ऊर्जा वाया न घालवणारा अग्निबाण कल्पिला, तरी तिकडे पोचणाऱ्या प्रत्येक किलोमागे इथून ४० किलो घेऊन निघावे लागते, आणि उरलेल्या ३९ किलोंपैकी निम्मे प्रतिद्रव्य असावे लागते.

हा आकडा पाहिला की मागे काहीच न फेकता चालणाऱ्या इंजिनाचा मोह का होतो ते कळते. त्यातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे एमड्राइव्ह. रॉजर शॉयर यांनी २००१ च्या सुमारास ही कल्पना पुढे आणली. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळत्या अशा बंद तांब्याच्या पोकळीत सूक्ष्मलहरी कोंडल्या की ती पोकळी एका दिशेने ढकलली जाते, असा दावा होता. २०१६ साली नासाच्या एका गटाने एका किलोवॉटमागे १.२ मिलिन्यूटन रेटा मिळाल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ही संख्या कागदावर घेऊन बसावे असे मी सुचवेन, कारण भौतिकशास्त्र फारसे न येणाऱ्यालाही हा हिशेब करता येतो. रेटा गुणिले वेग म्हणजे यानाला मिळणारी यांत्रिक शक्ती. एक किलोवॉट भागिले १.२ मिलिन्यूटन केले की सेकंदाला सुमारे ८३३ किलोमीटर हा वेग येतो. त्यापुढे हे इंजिन जेवढी वीज खाते त्याहून जास्त यांत्रिक शक्ती देऊ लागते. त्याला जनित्र जोडले तर ते स्वतःचीच वीज स्वतः तयार करील आणि वर जगालाही पुरवील. शिवाय वेग कोणाच्या सापेक्ष मोजायचा हेही ठरलेले नसल्यामुळे ही फुकटची ऊर्जा एका निरीक्षकाला दिसेल आणि दुसऱ्याला दिसणार नाही. निव्वळ प्रकाश मागे सोडणाऱ्या दिव्यालाही रेटा मिळतोच. तो किलोवॉटमागे ३.३ मायक्रोन्यूटन असतो आणि त्याचा हिशेब चोख जुळतो. एमड्राइव्हचा दावा त्याच्या सुमारे ३६० पट होता.

ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातील मार्टिन टायमार यांच्या गटाने २०१८ मध्ये आणि अधिक काटेकोर मांडणीने २०२१ मध्ये ही चाचणी केली. २०२१ च्या चाचणीत तो रेटा नाहीसा झाला. अशा दाव्यांपैकी कोणता सिद्धान्त, निदान कागदावर तरी, संवेगाचा आणि ऊर्जेचा पूर्ण हिशेब देतो, याची चर्चा येथे व्हावी अशी इच्छा आहे.

मंदाकिनी

लेख आवडला. कागदावर हिशेब देणारा सिद्धान्त हवा असेल तर मिगेल अल्कुबिएरे यांचा १९९४ चा निबंध अग्रभागी ठेवावा लागेल. त्यात यान स्वतः वेगाने जातच नाही. यानाभोवतीच्या बुडबुड्याच्या पुढचा अवकाश आकुंचन पावतो, मागचा प्रसरण पावतो, आणि मधल्या सपाट भागात यान स्वस्थ राहते. प्रवाशाला त्वरण जाणवत नाही आणि त्याचे घड्याळ पृथ्वीच्या घड्याळाबरोबरच चालते, त्यामुळे तुम्ही म्हणता ती मागे राहिलेल्यांना भेटण्याची अडचणही मिटते. आईन्स्टाईनची समीकरणे येथे कुठेही मोडलेली नाहीत. अल्कुबिएरे यांनी फक्त ती उलट दिशेने वापरली : अवकाशकालाचा हवा तो आकार आधी ठरवला, आणि तो मिळण्यासाठी कोणते द्रव्य लागेल हे समीकरणांना विचारले. उत्तर आले की ऋण ऊर्जाघनतेचे द्रव्य लागेल.

पुढची तीस वर्षे या उत्तराचीच छाननी चालू आहे. फेनिंग आणि फोर्ड यांनी १९९७ साली दाखवले की पुंजभौतिकी ऋण ऊर्जेवर जी बंधने घालते ती पाळली, तर शंभर मीटरच्या बुडबुड्याची भिंत कल्पनेपलीकडे पातळ करावी लागते आणि लागणारी ऋण ऊर्जा दृश्य विश्वाच्या वस्तुमानाच्या कैक पट होते. फान डेन ब्रूक यांनी १९९९ मध्ये एक चतुर युक्ती काढली. बाहेरून अतिसूक्ष्म पण आतून प्रशस्त असा बुडबुडा घेतला की गरज काही सूर्यांच्या वस्तुमानापर्यंत खाली येते. कागदावर ही प्रचंड प्रगती आहे आणि प्रत्यक्षात तिचा काही उपयोग नाही, पण अशा कामाचे मला कौतुक वाटते.

ऊर्जेहून अधिक अडचणीची गोष्ट नियंत्रणाची आहे. बुडबुडा प्रकाशाहून वेगाने जात असेल, तर त्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत यानातून कोणताही संदेश पोचू शकत नाही. चालकाला तो सुरू करता येत नाही, वळवता येत नाही, थांबवताही येत नाही. वाटेवर आधीच कोणीतरी सगळी मांडणी करून ठेवलेली असावी लागते. आणि अशा दोन बुडबुड्यांच्या योग्य योजनेने स्वतःच्या भूतकाळात परतता येते हे ॲलन एव्हरेट यांनी १९९६ मध्ये दाखवले आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडलेला तर्क असा की निसर्ग अशा रचना घडूच देत नसावा. तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही.

तुमच्या मुख्य मुद्द्याशी थेट संबंध आहे तो २०२१ च्या बॉब्रिक आणि मार्टीर यांच्या निबंधाचा. त्यांनी ऋण ऊर्जा न वापरता, प्रकाशाहून कमी वेगाने जाणारे असे बुडबुडे मांडले. अशा बुडबुड्याच्या इंजिनाला वॉर्प इंजिन म्हणतात, आणि बातम्यांत ‘वॉर्प इंजिन शक्य’ असे मथळे आले. निबंधात मात्र स्पष्ट लिहिले आहे की असा बुडबुडा म्हणजे जडत्वाने जाणारे द्रव्याचे एक कवच आहे, आणि त्याला वेग द्यायचा तर बाहेरून ढकलावेच लागेल. इंजिन वेगळे आणावे लागते, हे मथळ्यांत कुठेच नव्हते.

मुक्तचिंतक

दोघांचेही लेखन अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यामागची वृत्ती मला थोडी बंदिस्त वाटते. ज्ञात नियमांत न बसणारे सर्व काही अमान्य, असेच धोरण ठेवायचे तर नवे काही सापडणार कसे? बुधाच्या कक्षेचे विचलन न्यूटनच्या नियमांत बसत नव्हते, आणि पुढे त्यातूनच सापेक्षता सिद्धान्ताला पहिला आधार मिळाला. निकोलाय कोझिरेव यांचे उदाहरण घ्या. हे सोव्हिएत खगोलशास्त्रज्ञ जवळजवळ दहा वर्षे स्टालिनच्या तुरुंगांत आणि छावण्यांत होते. सुटल्यानंतर १९५८ मध्ये त्यांनी मांडले की काळ ही केवळ मोजपट्टी नसून तिला स्वतःची दिशा आणि भौतिक परिणाम आहेत, आणि तारे आपली ऊर्जा काळाच्या प्रवाहातूनही घेतात. जायरोस्कोपच्या, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीच्या, वजनात त्यांना सूक्ष्म बदल आढळले होते. याच वर्षी त्यांनी चंद्रावरच्या अल्फान्सस विवरातून वायू बाहेर पडत असल्याची वर्णपटीय नोंद घेतली, तेव्हा त्यांना छांदिष्ट म्हणून निकालात काढणे योग्य नाही. निर्वाताची ऊर्जा तर तुम्हीही नाकारू शकत नाही. निर्वातात अगदी जवळ ठेवलेल्या दोन पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, तो कॅसिमिर परिणाम मोजला गेलेला आहे. मग ती ऊर्जा वापरण्याचा विचार करणाऱ्यांना हसण्याचे कारण काय?

अपूर्णांक

मुक्तचिंतक, हसण्याचा उद्देश मुळीच नाही, आणि कोझिरेव यांचे नाव तुम्ही काढले हे उत्तम झाले, कारण त्यांच्या सिद्धान्तात एक गुण होता जो आजच्या अनेक दाव्यांत आढळत नाही : तो तपासता येत होता.

तारे काळाच्या प्रवाहावर चालत असतील तर सूर्याच्या गाभ्यात अणुसंमीलन त्या प्रमाणात कमी व्हायला हवे, आणि संमीलनातून निघणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कणही कमी हवेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून मोजलेले न्यूट्रिनो खरोखरच अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांश येत होते. त्या काळात कोझिरेव यांच्या बाजूने कोणी बोलले असते तर त्याच्या हाती भक्कम पुरावा होता असेच म्हणावे लागले असते. पण कॅनडातील सडबरी येथील वेधशाळेने २००१-०२ मध्ये तिन्ही प्रकारचे न्यूट्रिनो मिळून मोजले, तेव्हा एकूण संख्या संमीलनाच्या गणिताशी जुळली. कमी पडणारे न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलत होते. सूर्याच्या ताळेबंदात काळाच्या नावे टाकायला काही शिल्लक राहिले नाही.

जायरोस्कोपचेही तसेच. जपानमधील हायासाका आणि ताकेउची यांनी १९८९ च्या अखेरीस फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये लिहिले की एका दिशेने फिरणाऱ्या जायरोस्कोपचे वजन काही मिलिग्रॅमने घटते आणि उलट दिशेने फिरवला तर घटत नाही. मान्यवर नियतकालिकाने हा निबंध छापला, दडपला नाही. पुढच्याच वर्षी तीन स्वतंत्र गटांनी अधिक काटेकोर प्रयोग केले आणि कोणालाही तो परिणाम दिसला नाही. गंमत अशी की फिरणाऱ्या वस्तुमानाचा गुरुत्वावर परिणाम होतो हे सर्वमान्य सिद्धान्तही सांगतो. ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहाने पृथ्वीच्या फिरण्यामुळे अवकाशकाल किती ओढला जातो हे मोजले : वर्षाला सुमारे ३७ मिलिआर्कसेकंद, म्हणजे एका अंशाचा साधारण एक लक्षांश. अख्खी पृथ्वी फिरून एवढेच होते. टेबलावरच्या चकतीकडून काय अपेक्षा करायची, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

बुधाचे उदाहरण तुमच्या बाजूचे आहे हे खरे. पण ते विचलन शतकाला ४३ आर्कसेकंद एवढे होते, ते दशकानुदशके कोणीही मोजले तरी तेवढेच यायचे, आणि मोजणी सुधारली तसे ते अधिक ठळक होत गेले. अग्निबाणाविना रेट्याचे आजवरचे दावे मात्र मोजणी सुधारली तसतसे आक्रसत गेले आहेत.

सूक्ष्ममापी

अपूर्णांक यांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहावेसे वाटले, कारण लहान बले मोजणे हे माझे रोजचे काम आहे. नासाच्या त्या प्रयोगात पाचपन्नास वॉटची सूक्ष्मलहरी शक्ती वापरून मिळालेला रेटा जास्तीत जास्त शंभर मायक्रोन्यूटनांच्या आसपास होता. हे दहा मिलिग्रॅमचे वजन झाले. पीळ-तराजूवर एवढे बल सहज दिसते, पण त्याच मापाची इतर दहा बलेही तितक्याच सहज दिसतात आणि सगळी सारखीच वागतात : वीज सुरू केली की हळूहळू चढतात, बंद केली की हळूहळू उतरतात.

उपकरण तापते, धातू काही मायक्रोमीटर प्रसरण पावतो, गुरुत्वमध्य सरकतो आणि तराजूचा दांडा किंचित झुकून नव्या ठिकाणी स्थिरावतो. पडद्यावरच्या आलेखात हे हुबेहूब रेट्यासारखे दिसते. वीज वाहून नेणाऱ्या जाड तारेतून काही अँपिअर प्रवाह जातो आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्या तारेला ढकलते. निर्वातपात्रात उरलेली हवा गरम पृष्ठभागावरून उसळते. म्हणून अशा प्रयोगात पहिली चाचणी यंत्राची नसतेच. यंत्र उलट दिशेने बसवावे आणि रेटाही उलटतो का पाहावे. यंत्राच्या जागी तेवढीच उष्णता देणारा साधा रोधक बसवावा आणि काय दिसते ते पाहावे. ड्रेस्डेनच्या गटाने २०१८ मध्ये यंत्रात जाणारी शक्ती जवळजवळ पूर्ण शोषून घेतली, तरी ‘रेटा’ तसाच राहिला. संशय तारेवर आणि चुंबकीय क्षेत्रावर गेला. २०२१ मध्ये त्यांनी दांडा आणि टांगणी बदलून उष्णतेचा परिणाम काढून टाकला, तेव्हा मिळालेली मर्यादा तेवढ्याच शक्तीच्या प्रकाशझोताच्या रेट्याहूनही खाली होती.

टाउनसेंड ब्राउन यांचे १९२० च्या दशकातले उच्च दाबाच्या विजेचे प्रयोगही अजून ‘प्रतिगुरुत्व’ म्हणून फिरतात. त्यातला रेटा खरा आहे, पण तो आयनित हवेच्या झोताचा आहे आणि हवा काढून घेतली की जातो. याच झोतावर एमआयटीच्या गटाने २०१८ मध्ये फिरते भाग नसलेले एक छोटे विमान सुमारे ६० मीटर उडवून दाखवले. विमानासाठी उत्तम, अंतराळासाठी शून्य.

पायोनियर-१० आणि ११ या यानांची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. सूर्याकडे ८.७ × १०^-१० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे अनाकलनीय त्वरण त्यांच्यावर दिसत होते. नव्या गुरुत्वनियमापर्यंत सगळे तर्क लढवून झाले. त्वरणाला यानाच्या सुमारे २४० किलो वस्तुमानाने आणि मग प्रकाशवेगाने गुणले तर उत्तर साधारण ६३ वॉट येते. यानावरच्या किरणोत्सारी जनित्रांतून दोन हजार वॉटहून अधिक उष्णता बाहेर पडत होती. त्यातली अवघी ६०-६५ वॉट एका दिशेला जास्त गेली की पुरे. स्लावा टुरिशेव आणि सहकाऱ्यांनी जुन्या चुंबकीय फितींवरचा मजकूर मिळवून, यानाची उष्णतेची प्रतिकृती उभी करून २०१२ मध्ये नेमके तेच दाखवले. उष्णतेच्या असमान उत्सर्जनाने यान ढकलले जात होते.

वाचनमात्र

बहुधा वाचूनच जातो, आज एक प्रश्न विचारतो. दिवंगत जयंत नारळीकर यांचा फ्रेड हॉइल यांच्याबरोबरचा गुरुत्वसिद्धान्त या चर्चेत कुठे बसतो? वस्तूचे जडत्व विश्वातल्या इतर सर्व वस्तुमानांमुळे येते अशी त्यात मांडणी होती, एवढे आठवते. जडत्व बाहेरून येत असेल तर ते कमी करता येईल, असे कोणी म्हटले आहे का?

मंदाकिनी

म्हटले आहे, आणि प्रश्न अगदी मर्माचा आहे. हॉइल-नारळीकर सिद्धान्त १९६४ चा. जडत्व इतर वस्तुमानांमुळे येते या भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्या विचाराला त्यांनी गणिती रूप दिले : प्रत्येक कणाचे वस्तुमान हे विश्वातील इतर सर्व कणांशी असलेल्या परस्परसंबंधातून येते, आणि त्या संबंधात भूतकाळाकडून येणाऱ्या आणि भविष्याकडून येणाऱ्या अशा दोन्ही लहरी धराव्या लागतात. हॉकिंग यांनी तरुणपणी यावरच आक्षेप घेतला होता : प्रसरण पावणाऱ्या विश्वात भविष्याकडून येणाऱ्या लहरींची बेरीज अनंत होते.

अमेरिकेत जेम्स वुडवर्ड यांनी १९९० पासून मांडले की वस्तूची अंतर्गत ऊर्जा झपाट्याने बदलत असताना तिला त्वरण दिले, तर तिच्या वस्तुमानात क्षणिक चढउतार होतात. जड असताना ढकलायचे आणि हलकी असताना ओढून घ्यायचे, अशी ती कल्पना. हायडी फर्न यांनी यासाठी हॉइल-नारळीकर सिद्धान्ताचाच आधार घेतला. नासाच्या प्रगत संकल्पना कार्यक्रमातून २०१७ मध्ये या कामाला मदतही मिळाली. एमड्राइव्हपेक्षा मी याला वरचे स्थान देते, कारण येथे संवेग कुठे जातो या प्रश्नाला उत्तर आहे : तो दूरच्या विश्वाला दिला जातो. उत्तर पटो वा न पटो, प्रश्न टाळलेला नाही. प्रयोगात मात्र ड्रेस्डेनच्या गटाला येथेही रेटा सापडला नाही. त्यांना दिसले ते कंपनांचे परिणाम होते.

अपूर्णांक

मंदाकिनीताईंच्या यादीत एक भर घालतो. हर्मन बाँडी यांनी १९५७ साली ऋण वस्तुमानाचा विचार केला होता. एक धन आणि तेवढेच ऋण वस्तुमान शेजारी ठेवले तर धन वस्तू ऋणापासून दूर पळते, ऋण वस्तू धनाच्या मागे लागते, आणि जोडी आपोआप वेग घेत जाते. ऐकायला हा सरळसरळ फुकटचा प्रवास वाटतो, पण ऋण वस्तुमानाचा संवेग आणि गतिज ऊर्जा दोन्ही ऋण असल्याने एकूण बेरीज सदैव शून्यच राहते. म्हणजे मी मूळ लेखात लावलेल्या कसोटीवर ही कल्पना पूर्णपणे उतरते. आजवर कोणाला असे द्रव्य सापडलेले नाही, एवढीच तिची अडचण आहे. प्रतिद्रव्य कदाचित वर पडेल अशी काहींची आशा होती. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या अल्फा प्रयोगाने २०२३ मध्ये प्रतिहायड्रोजनचे अणू सोडून पाहिले. ते खालीच पडतात, आणि मोजणीच्या मर्यादेत साध्या द्रव्याइतक्याच त्वरणाने.

मुक्तचिंतक

कोझिरेव यांच्याविषयीचे विवेचन वाचले. सडबरीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. पण कॅसिमिर परिणामाबद्दल कोणी काही लिहिले नाही. ते बल खरे आहे, आणि त्यातली ऊर्जा निर्वाताचीच आहे.

सूक्ष्ममापी

बल निश्चित खरे आहे. कॅसिमिर यांनी ते १९४८ मध्ये वर्तवले आणि लामोरो यांनी १९९७ मध्ये चांगल्या अचूकतेने मोजले. आता आकडे पाहा. एक चौरस मीटरच्या दोन आदर्श आरसेवजा पट्ट्या दूरवरून १० नॅनोमीटर अंतरापर्यंत जवळ येऊ दिल्या, तर एकूण मिळणारी ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलहूनही कमी भरते. एक ग्रॅम वजन चारेक सेंटिमीटर उचलण्याइतकी. आणि ती एकदाच मिळते, कारण पुन्हा मिळवण्यासाठी पट्ट्या दूर कराव्या लागतात आणि त्याला तेवढीच ऊर्जा खर्चावी लागते. अंतरावरच अवलंबून असलेल्या कोणत्याही बलाचे असेच असते. पृथ्वीच्या गुरुत्वाने खाली पडणारा दगडही एकदाच ऊर्जा देतो. पट्ट्यांमधल्या जागेची ऊर्जाघनता भोवतालच्या निर्वाताच्या तुलनेत ऋण असते, म्हणून वॉर्पच्या चर्चेत हा परिणाम नेहमी येतो. पण त्याचे परिमाण हे असे आहे.

वाचनमात्र

मग प्रयोगशाळेत इतके चकवे असतील तर एखादे यंत्र सरळ उपग्रहावर बसवून का पाहत नाहीत?

सूक्ष्ममापी

पाहावे, माझा त्याला मनापासून पाठिंबा आहे, कारण कक्षेत तराजूच लागत नाही. दहा किलोच्या उपग्रहावर शंभर मायक्रोन्यूटन रेटा सतत लावला तर दिवसाला त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.८६ मीटरने बदलतो. पाचशे किलोमीटर उंचीवर एवढ्याने कक्षा रोज साधारण दीड किलोमीटर वर चढते. त्या उंचीवर उरलेल्या हवेचा विरोध या रेट्यापुढे फार कमी असतो, त्यामुळे जमिनीवरचे रडार कोणालाही विचारल्यावाचून हे टिपेल. यंत्र आठवडाभर चालू, आठवडाभर बंद आणि मग उलट दिशेने, एवढा क्रम पाळला तरी वाद मिटण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जडत्वाच्या एका पर्यायी सिद्धान्तावर आधारलेले असे यंत्र घेऊन एक छोटा उपग्रह गेलाही होता. वीजपुरवठ्यात बिघाड होऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा संपर्क तुटला, आणि ते यंत्र एकदाही सुरू झाले नाही. त्यामुळे त्या उपग्रहाची कक्षा त्या सिद्धान्ताच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच सांगत नाही.